बाबांची जिन्यातली चटई

माझे वडील दोन उन्हाळे आमच्याच इमारतीच्या जिन्यात झोपले. दुपारचं जेवण झालं की पंचा खांद्यावर टाकून तीन मजले उतरायचे आणि पहिल्या मजल्यावर, दोन दारांच्या मधल्या जागेत, चटई अंथरून घोरायला लागायचे. रोज चटई वर-खाली कोण नेणार, म्हणून ती तिथल्या गुजराती मासींच्या चपलांच्या कपाटामागे उभी असायची. मासींची हरकत नव्हती. उलट त्या दाराबाहेर पाण्याचा तांब्या झाकून ठेवायच्या. कुरियरवाल्यांनाही सवय झाली होती. ज्याच्या दाराला कुलूप, त्याचं पार्सल बाबांच्या उशाशी. मी सुट्टीच्या दिवशी बाजारातून यायचे तर हे खोक्यांच्या मधोमध उताणे पडलेले, आणि लोक पावलांचा आवाज न करता बाजूने जाताहेत.

कुणी विचारलं तर सांगायचे, "इथे वारा काय झकास लागतो!" ही शुद्ध थाप होती. जिन्यात वाऱ्याचा पत्ता नव्हता. तिथे फक्त आमचं घर नव्हतं, एवढाच काय तो गारवा.

आमची इमारत बोरीवलीत, चार मजली, बिनलिफ्टची. आम्ही चौथ्यावर, आणि डोक्यावर थेट गच्ची. घर घेताना बाबांनी वरचा मजला मागून घेतला होता. उजेड, वारा, खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर. आता डोंगराच्या जागी टॉवर दिसतो आणि वारा त्याला विचारून येतो. उन्हाळा तर असा वाढत गेला, की दुपारी स्लॅब तापायचा आणि पंखा ती आग गोळा करून आमच्या अंगावर ओतायचा. रात्री बारापर्यंत भिंतीला पाठ टेकवत नसे.

आमच्या घरातलं हवामान खातं म्हणजे बाबांची खोबरेलाची बाटली. माझ्या लहानपणी जानेवारीत तेल गोठायचं आणि शाळेत जायच्या घाईत ती बाटली उन्हात धरून उभं राहायचं काम माझ्याकडे असायचं. गेली काही वर्षं तेल गोठतच नाही. बाबा दर जानेवारीत बाटली उलटी करून बघतात आणि म्हणतात, "तेलाक पण आता थंडी लागणा नाय." ते कोकणातून सोळाव्या वर्षी आले, गिरणीत लागले, पण तेलाशी आणि आम्हा मुलींशी अजून मालवणीतच बोलतात.

एसी लावून पाहिला. बाबा खिडक्या सताड उघडून त्याच्यासमोर बसायचे, का तर हवा कोंडते. आणि मे महिन्यात सगळ्या इमारतीचे एसी एकदम सुरू झाले की आमच्या जुन्या वायरिंगचा फ्यूज उडायचा. कूलरबद्दल बोलायलाच नको, मुंबईच्या दमट हवेत तो आपल्यासोबत बसून घाम गाळतो. मी चिडले की बाबा म्हणायचे, "गिरणीत वीस वर्षां वाफेत काढलंय मी." ते खरं होतं. साच्यांवर, म्हणजे मागांवर, धागा तुटू नये म्हणून तिथे हवा मुद्दाम दमट ठेवत. पण तेव्हा ते तिशीत होते आणि आता ऐंशीला टेकलेत, हे त्यांना कोण सांगणार!

एका एप्रिलच्या शनिवारी मी लवकर घरी आले, तर बाबा तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर कठड्याला डोकं टेकवून बसलेले. झोप संपवून वर येताना चक्कर आली होती. चेहरा पांढराफटक. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय, तर "कोणाक सांगू नको हां." मी घाबरले. माझी भीती नेहमी रागाच्या रूपानेच बाहेर पडते, त्यामुळे मी त्यांना तिथेच पायरीवर बसवून झापलं आणि मग हात धरून वर नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, भर दुपारी जिने चढणं बंद, आणि त्या तापलेल्या स्लॅबखाली पडून राहणंही बंद. मग माणसाने करायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते माझ्या मोठ्या बहिणीने सांगितलं, कारण तिच्यापासून लपवणं मला जमलं नाही. ती दहिसरला राहते, नवीन इमारतीत, लिफ्ट आहे, खोल्या गार आहेत. फोनवर म्हणाली, "एक मेला सुट्टी आहे, मी येते आणि बाबांना घेऊन जाते. कायमचं. तुला जमत असेल तर तोवर घर गार करून दाखव."

बाबांनी ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळाने आवाज कमी करून म्हणाले, "मी खय जावचंय नाय." दुसऱ्या दुपारी पुन्हा पंचा खांद्यावर टाकून जिन्यात उतरले. दहिसर काय सातासमुद्रापार नाही, पण तिथे त्यांना जिन्यात ओळखणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आई गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघंच होतो, आणि मला तिथे एकटीने राहायचं नव्हतं.

उपाय मी शोधून ठेवला होता. गच्चीला पांढरा चुना फासायचा. पांढऱ्यावरून ऊन परत जातं, खालचं घर निवतं. हात आपलेच, सामान साधं. नशिबाने त्याच आठवड्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. सभेला कोरम नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे ती अर्धा तास तहकूब झाली आणि मग त्याच नऊ पुरुषांत आणि माझ्यात पुन्हा भरली. घरं बहुतेक नवऱ्यांच्या नावावर, त्यामुळे सभेला येतात ते नवरेच. मी वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन गेले होते. वितळणारा बर्फ, चढणारा समुद्र, पेटणारी जंगलं, सगळं वाचून दाखवलं. तापलेल्या पृथ्वीबद्दल पंधरा मिनिटं बोलले. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेल्या माणसाबद्दल एक अक्षर बोलले नाही. बाहेर कुणाला सांगणार नाही असा बाबांना शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं, आपल्या घरचं गाऱ्हाणं चार लोकांत मांडायला मला लाज वाटते. पृथ्वीचं गाऱ्हाणं मांडायला वाटत नाही.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "म्हणजे तुम्ही सोसायटीला चुना लावणार." सगळे खो खो हसले आणि त्या हसण्यातच ठराव एकमताने मंजूर झाला. एक मेच्या आदल्या दिवशी रविवार येत होता. तोच ठरला.

शनिवारी बाबांच्या अंगात गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, संचारला. गावी गणपतीआधी घराला चुना काढायचे, त्यामुळे यातलं आपल्यालाच कळतं असा त्यांचा दावा. खुर्चीत बसून हुकूम: कळीचा चुना पिंपात भिजव, लांब उभी राहा, डोळ्यांत जाईल, डिंक घाल, अजून घाल. पिंप खदखदायला लागलं तेव्हा ते चक्कर आल्यापासून पहिल्यांदा हसले.

रविवारी सकाळी आठला आम्ही झाडू, बादल्या आणि सेक्रेटरी घेऊन गच्चीवर गेलो, आणि दारातच थांबलो. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत साड्या अंथरलेल्या. त्यांवर साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस, कुरडया, मासींचे तांदळाचे खिचिया. सगळं ओलं, नुकतं घातलेलं. मधोमध छत्री उघडून मासी बसलेल्या. त्यांचे गुडघे दुखतात, वर्षभर त्या पहिल्या मजल्याच्या वर येत नाहीत, पण वाळवणाचे दिवस आले की मजल्यामजल्याला थांबत वर पोहोचतात.

गच्ची उन्हाळ्यात कुणाची असते, हे इमारतीतल्या कुठल्याही बाईने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण ठराव करणाऱ्या दहाजणांत गच्चीवर कधी काही वाळवलेलं एकही माणूस नव्हतं. मीही नाही. मी पापड विकत आणते.

"आज नाही होणार," मासी म्हणाल्या. "आणि पांढरी केली तर फरशी तापणार नाही. मग हे सुकणार कसं?"

सेक्रेटरींनी ठरावाचा क्रमांक सांगितला. मासींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी पुन्हा पृथ्वीवर घसरले. तापमान, बर्फ, पुढची पिढी. मासी म्हणाल्या, "पुढची पिढी पापड नाही खाणार काय?"

आणि माझा तोल गेला. "उद्या ताई येतेय!" मी गच्चीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. "बाबांना चक्कर आली होती. ते जिन्यात वाऱ्यासाठी झोपत नाहीत, घरात भाजतं म्हणून झोपतात. उद्यापर्यंत घर निवलं नाही तर ती त्यांना दहिसरला नेणार, कायमचं! आणि तुम्ही कुरडया काय घेऊन बसलात?" शेवटी रडूही आलं, ते मला अजिबात आवडलं नाही.

मासी एकदम उभ्या राहिल्या. दुखऱ्या गुडघ्यांसकट. "वेडी आहेस का गं तू? हे पहिलं बोलायचं ना! बर्फ-बर्फ काय करत होतीस?"

पुढचा तासभर त्यांचाच हुकूम चालला. एका साडीला चार माणसं, चार टोकं ताणून धरायची, झोळ पडता कामा नये, नाहीतर पापड्यांचा लगदा. आजाऱ्याला न्यावं तशी एकेक साडी चार मजले उतरवली. प्रत्येक वळणावर भांडण. "वर घे रे!" "अगं, तू थांब ना!" "वाट लागली, कुरडया सरकल्या!" साड्या तर खाली आल्या, पण ठेवायच्या कुठे? कंपाउंडमध्ये रविवारच्या सगळ्या गाड्या उन्हात उभ्या होत्या. मासींनी सेक्रेटरींच्या गाडीच्या टपावर हात ठेवला, चटका बसला तसा मागे घेतला आणि समाधानाने मान हलवली. सेक्रेटरी त्या दिवशी घरच्यांना जुहूला नेणार होते. त्यांच्या गाडीवर संध्याकाळपर्यंत साबुदाणा वाळला. ती पापडी गच्चीवरच्यापेक्षा कुरकुरीत झाली, हे पुढे त्यांनीच चार ठिकाणी सांगितलं.

मग चुना. बाबा गच्चीच्या दारात, सावलीत, खुर्चीवर. "पयलो हात उभो, दुसरो आडवो!" अकरापर्यंत दोन हात झाले आणि गच्ची अशी लखलखली की डोळे उघडवेनात. पुरुष, बायका, सगळे पांढरे. खाली उतरलो तर मासी जिन्यात कमरेवर हात देऊन उभ्या. पायऱ्यांवर आमच्या चपलांचे चुन्याचे ठसे उमटले होते, चौथ्यापासून तळापर्यंत.

"सगळी पावलं बाहेर जाणारी!" त्या म्हणाल्या. "लक्ष्मी चालली घर सोडून. चला, परत वर!"

चपला घालून फिरणारी लक्ष्मी मी कुठे पाहिलेली नाही, पण वाद घालायची ताकद कुणातच नव्हती. आम्ही दहा-बारा माणसं चपला पुन्हा चुन्यात बुडवून, तळापासून वर, आपापल्या दारापर्यंत चढत गेलो. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे. दोन्ही दिशांचे ठसे पुढे दिवाळीपर्यंत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता ताई आली. हातात रिकामी बॅग. बाबा जेवून उठले, पंचा खांद्यावर टाकला, दाराकडे निघाले, आणि थांबले. मागे वळून आतल्या खोलीत गेले, भिंतीला तळहात लावून बघितला, पलंगावर पडले. पाच मिनिटांत घोरणं सुरू. घर काही महाबळेश्वर झालं नव्हतं. उकडत होतंच. पण पंख्याची हवा पंख्याच्या हवेसारखी लागत होती. ताईनेही भिंतीला तळहात लावून पाहिला. मग बॅग खुर्चीखाली सरकवून म्हणाली, "पुढच्या वर्षी अजून तापलं तर?"

तेवढ्यात बेल वाजली. एकदा नाही, लागोपाठ. दारात मासी, धापा टाकत, एका हाताने कठडा धरून. मागे सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि वॉचमन. मासींच्या बगलेत बाबांची चटई.

"दोन वाजले, ते आले नाहीत," मासी म्हणाल्या. "नेलं काय?"

मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. चौघं चपला काढून दबकत आत गेले आणि पलंगाभोवती उभे राहून ऐंशी वर्षांच्या माणसाचं घोरणं ऐकत राहिले. बाबांनी एक डोळा उघडला. "काय झाला? पार्सल इला?" आणि पुन्हा मिटला.

मासी खुर्चीवर टेकल्या. पाणी प्यायल्या. ताईने चटई घ्यायला हात पुढे केला, कारण आता ती आमच्याच घरात राहायला हवी होती. मासींनी दिली नाही. उठल्या, चटई पुन्हा बगलेत मारली.

"राहू दे खालीच," त्या म्हणाल्या. "दुपारची लाइट जाते कधी कधी."