भात, पाट आणि माठ

मी म्हणाले, "साखर."

काचेपलीकडून परबकाका म्हणाले, "भाकर."

"खिडकी."

"गिरणी."

"शाळा."

"माळा."

यमकांचा क्लास नव्हता. कानाची टेस्ट चालू होती. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे माणसाला किती आणि काय ऐकू येतं ते मोजणारी. घाटकोपरला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांकडे माझी छोटी खोली आहे. तिच्यात आवाजबंद केबिन. पेशंट हेडफोन लावून आत, मी माइकसमोर बाहेर, मधे काच. मी शब्द म्हणायचा, त्याने तोच परत म्हणायचा; त्याचा आवाज माझ्या स्पीकरवर येतो. कॉलेजातलं माझं नाटकाचं वेड असं कारणी लागलं. प्रेक्षक एकच, आणि त्यालाही ऐकू येत नाही.

त्या दिवशी माझ्यामागे काकांचा मुलगा संजय आणि सून सुप्रिया बसले होते. यमकांना दोघंही हसली नाहीत.

"मॅडम, कानाचा प्रॉब्लेमच नाहीये," संजय म्हणाला. "डोक्याचा आहे. मेमरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी कान बघून या, मग गोळ्या सुरू करू. म्हणून आलो."

"डोक्याचा कशावरून?"

"परवाचंच सांगते," सुप्रिया म्हणाली. "मी किचनच्या दारातून विचारलं, बाबा, भात? तर उठून माठ भरायला लागले. भरलेलाच होता. घरभर पाणी."

"आणि आतून हाक मारली तर ढिम्म," संजय म्हणाला. "उद्या गॅस चालू ठेवून बाहेर गेले तर? आम्ही दोघं नोकरीला. बाहेरून कुलूप लावून जातो. काय करणार?"

कुलूप म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. आत हेडफोन लावलेले काका आमच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होते. देवगडकडचा ताठ म्हातारा, इस्त्रीचा शर्ट. मी "कान ठीक" असं लिहिलं की गोळ्या सुरू, आणि कुलूप कायमचं.

"हे कधीपासून?"

"नवीन बिल्डिंगमध्ये आल्यापासून. चाळीत एकदम फिट होते."

शब्दांच्या आधी मी बीपची टेस्ट घेतली होती. तिचा ग्राफ म्हणजे बागेतली घसरगुंडी. जाड आवाज बरे ऐकू येत होते, बारीक आवाज जवळजवळ नाहीच. आता गंमत अशी, की आपल्या बोलण्यात आ, ई, ओ हे जाड असतात. स, श, ख, त हे बारीक, वाऱ्यासारखे. ते गळाले की माणसाला बोलण्याची चाल ऐकू येते, शब्द कळत नाहीत. साखरेतला स गेला, ख गेला. उरलं आ-अ-र. मेंदू बिचारा हाताशी असेल ते घालून जागा भरतो. साखरेची भाकर होते.

म्हणजे कान अधू होते हे नक्की. पण असे कान एका घरबदलाने होत नाहीत. त्याला वर्षं लागतात. मग चाळीत हा माणूस फिट कसा होता? आणि मघाशी दारातच माझ्याशी पावसापाण्याच्या आणि आपल्या गिरणीतल्या नोकरीच्या गप्पा मारल्या, त्या कुठल्या कानांनी?

आमच्या डॉक्टर सरांनी दारातून डोकं घातलं. "झालं का गं? बाहेर लाइन लागलीय."

"सर, ग्राफ आणि माणूस जुळत नाहीयेत."

"मग ग्राफवर विश्वास ठेव," म्हणून डोकं गेलं.

मी पुढचा शब्द घ्यायला पुन्हा तोंडासमोर फाइल धरली. शब्दांच्या टेस्टला हा नियम आहे. ओठ दिसले तर पेशंट बघून उत्तर देतो, म्हणजे आमच्या भाषेत कॉपी. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"गो बाय, ती फाइल जरा बाजूक कर."

मी फाइल खाली घेतली. "काका, मुद्दाम धरलीय. नुसतं कानाने ऐकायचं."

"तोंड दिसल्याबिगर कोणाक आयकाक येता काय?"

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. सगळी दुनिया अशीच ऐकते, अशी त्यांची समजूत होती.

मी माइक बंद केला. काचेजवळ गेले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवत विचारलं, "गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

"साचेखात्यात. कुर्ल्याक," काका म्हणाले. साचा म्हणजे कापडाचा माग.

"तिथे एकमेकांशी बोलायचात कसं?"

"बोलतलंस काय, साच्यांच्या आवाजात? तोंडार नजर ठेवूची."

मागून संजय हळूच म्हणाला, "मॅडम, माइक चालू आहे ना?"

"नाही."

संजय उठून माइकचं बटण बघून आला. मला नाट्यमय क्षण आवडतात, हे कबूल. हा मात्र जरा जास्तच लांबला.

मग मी तसंच, आवाजाशिवाय, तीन शब्द म्हटले. भात. पाट. माठ.

"भात. भात. भात," काका म्हणाले. "भूक लागली काय गो तुका?"

वाचकांनी आरशासमोर उभं राहून हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून बघावेत. ओठ मिटतात, उघडतात, संपलं. आरशातला माणूस तिन्ही वेळा एकच शब्द बोलतो. कानांची थोडी मदत असेल तर काकांना भात आणि माठ वेगळे कळतात. पण किचनमध्ये एक्झॉस्ट घरघरत असला, की उरतात फक्त ओठ.

सुप्रियाने एक्झॉस्टचं मी विचारायच्या आधीच सांगितलं. "चालूच होता," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे बघत, "चाळीत एकच खोली होती. कोणीही बोललं तरी समोरच असायचं."

तेच. खोलीत सगळ्यांची तोंडं दिसायची. फ्लॅटमध्ये मधे भिंती आल्या. घर मोठं झालं आणि काका बहिरे झाले. बरीच वर्षं होतेच, आता उघडकीला आले.

"पण मेमरीच्या टेस्टमध्ये तीन शब्द लक्षात ठेवायला दिले होते," संजय म्हणाला. "एकही सांगता आला नाही."

"डॉक्टरांनी मास्क लावला होता?"

तो आठवत बसला. मग मान हलवली. "हो."

न ऐकलेला शब्द कोणाच्या लक्षात राहणार?

काकांची स्मरणशक्ती उत्तम आहे असं मी लिहिलं नाही. ते माझं खातं नव्हे. लिहिलं एवढंच, की दोन्ही कानांना मशीन लावून, समोर बसून, मास्क काढून टेस्ट पुन्हा घ्यावी. ती झाली. वयाप्रमाणे थोडं विसरणं निघालं. गोळ्या निघाल्या नाहीत.

फाइल मी अजूनही धरते, नियम आहे. पण टेस्ट संपली की ती टेबलावर ठेवते आणि पुन्हा एकदा बोलून बघते. कोणी भलतंच उत्तर दिलं, तर त्याच्यापर्यंत प्रश्न कुठला पोचला ते आधी बघावं. एवढं शिकायला मला डिग्री पुरली नव्हती.

काही महिन्यांनी काका मशीनचे सेल न्यायला आले. मी त्यांच्यामागे संजयला शोधत होते.

"एकटेच? कसे आलात?"

"दार उघडून," काका म्हणाले.