पिल्लाच्या गळ्यातला कापूस

आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हंस आणले ते सापांसाठी. देवळीच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर, मागे लगेच वावर. पावसाळ्यात तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, तुराट्यांच्या ढिगाखालून साप निघायचे. हंस असले की साप फिरकत नाहीत, असं कुणी तरी सांगितलं आणि मामाजी जामच्या एका ढाबेवाल्याकडून जोडी घेऊन आले. साप कमी झाले की नाही ते मला सांगता येणार नाही, पाहुणे मात्र कमी झाले. नर मान जमिनीलगत ताणून फिसकारत अंगावर यायचा. मी कपडे वाळत घालायला जायची तीसुद्धा हातात झाडू घेऊन.

मागच्या हिवाळ्यात त्यांना पिल्लं झाली. बाकीची मुंगसानं नेली, एक राहिलं. ते कापूस वेचणीचे दिवस होते. घराला लागूनची छपराची खोली, सपरी, कापसानं भरलेली, आणि पिल्लाला तो ढीग फार आवडायचा. दार उघडं दिसलं की आत शिरायचं आणि कापसात खड्डा करून बसायचं. मामाजी त्याला हाकलायचे, पण हाकलण्यात जोर नसायचा. "राजा झोपला पाहा गादीवर," म्हणायचे.

त्याची पिवळी लव जाऊन पांढरी पिसं फुटत होती तेव्हा ते आजारी पडलं. सकाळी पालकाची पानं टाकली तर आईबाप धावले आणि हे भिंतीशी उभं. मान लांब करायचं, झटकायचं, परत लांब करायचं. दुसऱ्या दिवशी चोचीतून घाण वास येऊ लागला. उचललं तर कागदासारखं हलकं. मानेच्या खालच्या भागात बोटांना एक टणक गाठ लागली.

"काऊन नाई खाऊन राह्यलं हे?" मामाजींनी विचारलं. तेही तिथं उकिडवे बसले होते.

"गळ्यात काही अडकलं दिसते, मामाजी. दवाखान्यात नेऊ याले."

मला वाटलं होतं ते हसतील. आमच्याकडे डॉक्टर येतो तो बैलासाठी, गाईसाठी. ते उठले आणि आपला धुतलेला टॉवेल घेऊन आले.

देवळीच्या गुरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पक्ष्याच्या मानेला हात लावायचं माझं काम नाही. सिंदी मेघेत एक मॅडम आहेत, कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे त्यांचा, पोपट-कबुतरंही पाहतात. आजच जा."

माझे यजमान ड्यूटीवर गेले होते. मी स्कूटी काढली. मामाजी मागे बसले, टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू छातीशी धरून. आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि नर मागे लागला. पंख पसरून, पाय आपटत, डांबरी रस्त्यावर तो आमच्या मागे पळत होता. मागून ट्रक येत होता. मला गाडी थांबवावी लागली. मामाजींनी वळून त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, एखाद्या माणसाशी बोलावं तसं. "आणून देतो बाप्पा तुझं लेकरू. जाय घरी. जाय." तो थांबला. वळून गेला नाही, पण रस्त्याच्या कडेला उभा राहिला. आरशात तो बराच वेळ दिसत होता, मान उंच केलेला पांढरा ठिपका.

दवाखान्यात बाकड्यावर एक लॅब्राडोर आणि पिंजऱ्यातलं मांजर होतं. आमचा नंबर आला. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, केस वर बांधलेले. टॉवेल उघडताच म्हणाल्या, "अरे, हा तर हंस! कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदाच हातात घेतेय." त्यांनी नागपूरला आपल्या सरांना फोन लावला, काही विचारलं, काही लिहून घेतलं. मग खोलीतला दिवा मालवला, खिडकीचा पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, "इकडे या. तुम्हीही बघा."

त्यांनी मानेवरची पिसं पाण्यानं ओली करून बाजूला केली आणि मानेच्या मागे एक बारीक टॉर्च धरला.

मान आतून पेटली. मला दुसरा शब्द सुचत नाही. कातडी इतकी पातळ की उजेड आरपार आला, शेंदरी, पहाटेच्या आभाळासारखा. त्यात एक निळसर शीर वर चढत गेलेली. आणि तिच्या शेजारी श्वासाची नळी, कड्याला कडं लावत गेलेली, लहान बाळाच्या बांगड्या एकावर एक रचाव्यात तशी. ती हलत होती. श्वास आत जाताना किंचित लांबायची, बाहेर येताना परत बसायची. माझी दोन बाळंतपणं झाली, सोनोग्राफीच्या पडद्यावर पोरांची हृदयं धडधडताना पाहिली, पण जिवंत श्वास असा हातभर अंतरावरून उघडा कधी पाहिला नव्हता. मामाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली.

"कोंबडीला दाण्याची पिशवी असते, तशी याला नाही," मॅडम हळू आवाजात सांगत होत्या. "गळाच खाली रुंद होतो. तिथं बघा." शेंदरी उजेडात खाली एक काळा गोळा दिसत होता. उजेड त्याच्यातून जात नव्हता. "हा तोंडातून येणार नाही. कापून काढावा लागेल. जीव अशक्त आहे, मी खात्री देत नाही."

मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "करा मॅडम. मी धरतो त्याले."

मॅडमनी सुन्न करायची सुई टोचली. मामाजींनी एका तळहातावर पिल्लाचं डोकं घेतलं, दुसऱ्या हातानं पंख अंगाशी दाबून धरले. कापूस वेचून, वखर धरून राठ झालेले ते हात जराही हलले नाहीत. चीर नखाएवढीच होती. चिमटा आत गेला, आणि बाहेर आली एक वात. मॅडम ओढत होत्या आणि ती येतच होती, कापसाची, गवताची पाती गुंफलेली, मधेमधे सरकीचे दाणे अडकलेले. समईला पुरून उरेल अशी लांब. मला भीती वाटली की याच्या पोटातलंच काही ओढून निघतंय. मग टोक सुटलं. पिल्लाच्या अंगातून एक लाट गेली आणि त्यानं डोळा उघडला.

मॅडम टाके घालत असताना मामाजींनी ताटलीतला तो घाणेरडा कापूस दोन बोटांत घेतला आणि सवयीनं त्याचा धागा ओढून पाहिला. "आपल्याच वावरातला आहे," ते म्हणाले. मॅडम मास्कच्या आतून हसल्या, आणि मग आम्हीही.

टाके सुकेपर्यंत त्याला घरातच ठेवायचं होतं. स्वयंपाकघरात टोपल्यात जुनी चादर घातली. सिरिंजमधून आधी पाणी, मग पातळ पेज. पहिल्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या पहाटे मी चहा ठेवायला उठले तर टोपल्यातून बारीक आवाज आला. लगेच भिंतीपलीकडून नराचा आवाज, खालच्या पट्टीतला, मी त्याच्या तोंडून कधी न ऐकलेला. पिल्लू परत बोललं. तो परत बोलला. मी गॅस पेटवायची थांबले. तो नर भिंतीला लागून बसला होता, मोरीच्या भोकापाशी. त्याचं लेकराशी जे बोलणं चाललं होतं ते मी मधे उभी राहून ऐकत होते, आणि झाडू घेऊन याच्यापासून पळणारी मी, मला वाटलं, या आंगणातलं मला काहीच ठाऊक नाही.

टाके काढून आणले त्या दुपारी मामाजींनी त्याला आंगणात सोडलं. नर आणि मादी दोघं माना ताणून धावत आले. मी डोळे मिटून घेतले, म्हटलं आता टोचतात. पण डोळे उघडले तर नर चोच पिल्लाच्या मानेवरून हलकेच फिरवत होता, पिसापिसातून, आणि जखमेपाशी थांबला. तिथून पुढे गेला नाही. मग तिघांनी माना आभाळाकडे केल्या आणि असा काही कल्ला केला की शेजारचे लोक बाहेर आले.

सपरीला मामाजींनी जाळीचं दार बसवलं. पिल्लू मोठं झालं, मादी निघाली. उन्हाळा लागायच्या आधी एका सकाळी वाऱ्याची झुळूक आली आणि ती आंगणाच्या या टोकापासून पळत सुटली, नवे पंख पूर्ण उघडून. पाळलेल्या हंसाला उडता येत नाही म्हणतात. तिचे पाय जमिनीवरून सुटले. तुळशीवृंदावन ओलांडून, दोरीवरच्या कपड्यांना पंख घासत ती वावराच्या बांधावर, धुऱ्यापाशी जाऊन उतरली आणि स्वतःच गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली.

मामाजींच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

"उडली वो बाई," ते मला म्हणाले. "पाह्यलं ना तू? उडली."