भोंगा नांदेडला, तरी नेट गेलं

भूतबित, करणी-बिरणी... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. आखाडा बाळापूरला मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. काही बंद पडलं की त्याला कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. पण दोन हजार आठ-नऊच्या सुमारास हे घडलं... तुम्हीच बघा पटतं का.

घर आमचं नांदेडच्या रस्त्याला लागून. ट्रक, जीपा सुसाट. आणि आईला विसर पडायला लागलेला. बाबा जाऊन बरीच वर्षं झालेली, तरी संध्याकाळच्या गाडीनं ते येतात असं तिला वाटायचं, अन् ती रस्त्याकडं निघायची. एकदा तर ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. शेवटी मी चोरांसाठी असतो तो अलार्म बसवून घेतला. उंबरठ्याजवळ चौकटीला एक डबी, आत भिंतीवर भोंगा. दार उघडलं की बोंब!

पण त्याचं अन् माझ्या नेटचं जमेना. घरात वायरलेस राउटर लावून मी दोन कॉम्प्युटर जोडले होते. भोंगा वाजला की नेट गेलंच... मिनिटभरानं परत यायचं. दोन्हींच्या लहरी एकमेकींत घुसत असतील, दुसरं काय! बायको हसायची, "तुमच्या नेटला बी सासूबाईचा धाक हाय."

बाबा गेल्यावर आईनं उंबरठ्याला हळदकुंकू वाहणं सोडलं होतं. विसर पडला तसं पुन्हा सुरू केलं... तिच्या लेखी ते जिवंतच ना. डबी उंबरठ्याजवळ, म्हणजे तीही देवच! तिलाही रोज पाणी, हळद, कुंकू. व्हायचं तेच झालं, डबी बंद पडली. बसवणाऱ्यानं कपाळाला हात लावला अन् डबी, भोंगा, सगळंच काढून दुरुस्तीला नांदेडला नेलं.

म्हणजे त्या दिवशी घरात अलार्म नव्हताच, हे लक्षात घ्या. बायको दळण आणायला गेलेली, आई झोपलेली. मी मागच्या खोलीत कामात. अन् नेट गेलं. डोकं म्हणत होतं, अरे, भोंगाच नाही तर काहून... पण पाय पळाले. दार सताड उघडं.

आई डांबरावर उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा, लांबून येणाऱ्यावरून ओवाळून टाकायला. उसाचा ट्रक अंगावर येत होता. मी दंड धरून तिला मागं ओढलं. ट्रक निघून गेला, अन् मी तिथंच मातीत बसून लेकरासारखा रडलो.

नंतर सगळं तपासलं. वीज गेली नव्हती, फोनची लाईन बराबर, राउटर ठणठणीत. अलार्मवाला म्हणाला, "योगायोग हो." असेलही. मी काही नाही म्हणत नाही.

पण त्या वेळी आईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं होतं. ओळखलं की नाही, देव जाणे. म्हणाली, "काहून रडून राहिला रे पोरा? मी हितं हाय म्हून तुला कोनं सांगितलं?"

आता आई नाही. पण नेट गेलं की मी अजून आधी दाराकडं पळतो.