सुतारकाकांची खुर्ची मोडली त्या दिवशी

आमचे हे सुतार. चाळीस वर्षं लाकडाशी बोलले, माझ्याशी त्या मानाने कमीच. काम थांबल्यावर घरात बसून माझं डोकं खातील म्हणून मीच त्यांना मुलांच्या केंद्रात धाडलं. चोरीमारीत सापडलेल्या, शाळा सुटलेल्या पोरांना कोर्ट तिथे पाठवतं. हे त्यांना मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला शिकवतात, कारकुनी माझ्याकडे. यांचा नियम एकच: खुर्ची ज्याने जोडली, त्यानेच तिच्यावर आधी बसायचं. पहिल्या महिन्यात निम्मी पोरं धपाधप आपटायची आणि उरलेली पोट धरून हसायची.

टिटवी त्यातलीच. वय सोळा, मोबाइल लांबवण्यात पटाईत. पण करवतीवर हात असा बसला, की हे जेवतानाही तिचंच कौतुक सांगायचे. खोड एकच, काही बिनसलं की पळायची. दोनदा पळाली होती. तिसऱ्यांदा पळाली तर थेट सुधारगृह, कुलूपबंद. तिला इथे ठेवायचं की नाही, ते ठरवायला देखरेखीच्या अधिकारीबाई सोमवारी येणार होत्या.

यांना कुठला धीर! बाईंना धड खुर्ची हवी म्हणून सकाळीच घाईघाईने एकीचा पाय सरस लावून बसवला. सरस वाळायला दिवस लागतो, हे पोरांना शंभरदा बजावणारा हा माणूस. स्वतः बसूनही पाहिलं नाही.

बाई बसल्या, फाइल उघडली आणि खुर्चीसकट खाली गेल्या. टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हाला काही कळायच्या आत ती दारातून पसार.

"खुर्ची माझी आहे, बाई," हे म्हणाले. "पोरीचा काही दोष नाही. लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा."

एवढं ठणकावून बोलताना मी त्यांना संसारात कधी ऐकलं नव्हतं. बाई कंबर धरून दाराकडे बघत राहिल्या. पोर हातची गेली, असंच मला वाटलं.

दहा मिनिटांनी जिन्यावर धडधड ऐकू आली. टिटवीने कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सला मनगट धरून ओढत आणलं होतं. नर्सच्या पायात एकच चप्पल.

"काकू, हिला सांगा ना," टिटवी धापा टाकत म्हणाली. "खरंच कुणीतरी पडलंय म्हटलं, तर विश्वासच ठेवत नव्हती."

मुका मार होता, बाकी काही नाही. बाईंनी फाइल पुन्हा उघडली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मुलगी पळाली. मदत घेऊन परत आली. इथेच राहू द्यावी."

हे सगळ्यांसमोर रडले. मीही.

"इथेच म्हणजे किती दिवस?" टिटवीने विचारलं.

"शिकून होईपर्यंत," बाई म्हणाल्या.

तिला ते खरं वाटेना. माझ्या टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर ओढून तिने आजची सही केली, मग उद्याची, परवाची, पुढच्या आख्ख्या आठवड्याची. एरवी असला आगाऊपणा मी खपवून घेत नाही. त्या दिवशी पान उलटून दिलं.