आधी हिरव्या देवाला

डोळखांबच्या वरच्या पाड्यातल्या मंगळीचा हात म्हणजे हात होता बघा. लग्न कोणाचंही असो, भिंतीवर चौकाचं चित्र लिहायला मंगळीच हवी. तांदळाच्या पिठात काडी बुडवून भिंतीपाशी मांडी घालून बसली की दुपार कलली तरी उठायची नाही. आणि त्याच मंगळीला आता मांडीच घालता येईना. कंबरेत कळ उठायची ती मांडीपर्यंत उतरायची. बिब्ब्याचे चटके झाले, भगताची राख झाली, गोळ्या झाल्या, ढिम्म फरक नाही. त्यात नात रुपाचं लग्न माघात धरलेलं. आजीच्या हातचा चौक नसेल तर मी मांडवात उभीच राहणार नाही, असं पोरीनं सांगून टाकलेलं. मंगळीला दुसरं काही नको होतं. त्या भिंतीपाशी एकदा बसायचं होतं.

सून सावळी तिला शहापूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे ठाण्याहून एक डॉक्टरीणबाई येत, नुसत्या दुखण्याच्या. त्यांनी नीट समजावलं. मणक्याच्या सांध्यांजवळ बारीक नसा असतात, दुखण्याचा सांगावा त्याच वर नेतात. आधी सुईनं औषध घालून त्या काही तास बधिर करायच्या. दुखायचं थांबलं तर चोर सापडला. मग पुढच्या खेपेला सुईच्या टोकाला ऊब देऊन त्याच नसा निजवायच्या, म्हणजे बरेच महिने आराम. पण औषध चढल्यावर काय वाटतं ते खरं सांगायचं, सगळं त्यावर ठरणार.

पालथं निजवून, पडद्यावर हाडं बघत बाईंनी सुया दिल्या. थोड्या वेळानं मंगळी उठली, आणि काय सांगावं! कंबर आहे की नाही तेच कळेना. ती व्हरांड्यात चालायला लागली. फरशी पायाखालून आपोआप सरकत होती. खिडकीबाहेर माहुलीचे सुळके उन्हात धुरकट झाले होते. तिला वाटलं, आपण लहान आहोत, आईच्या मागून मोहाची फुलं वेचायला निघालोय, आणि आई मागे वळून हसतेय. नर्स काहीतरी विचारत होती, पण तिचा आवाज ओढ्यापलीकडून यावा तसा येत होता.

मग बाईंनी विचारलं, "मावशी, किती कमी झालं?"

मंगळीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिच्या पाड्यात चांगली गोष्ट आधी टेकडीवरच्या हिरव्या देवाला सांगायची, मग माणसांना. नव्या भाताची मूठ त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय पीक बरं आलं असं कोणी तोंडातून काढत नाही. गाय व्याली तरी आधी टेकडीवर जाऊन यायचं. जन्माची सवय ती, अशी एका सुईनं सुटते होय?

"हाय तसंच हाय," मंगळी म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. चोर या नसांत नाही, तिथे ऊब देऊन उपयोग नाही, असं त्यांनी सावळीला सांगितलं.

जीपनं घरी येताना एकही खड्डा मंगळीला लागला नाही. पाड्यात उतरली ती तडक तांदळाची मूठ घेऊन टेकडी चढली. वर गार वारा होता, पाखरं घरट्याकडे परतत होती. हिरव्याला तिनं सगळं सांगितलं, अगदी मोहाच्या फुलांचंसुद्धा. खाली उतरता उतरता औषध सरलं आणि जुनी कळ वाटेतच भेटली.

घरी आल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं, तेव्हा सावळीनं कपाळावर हात मारला. देवाला सांगितलंत ते ठीक, पण सुई काय देव देणार आहे का, म्हणून ती चांगलीच तडतडली. मंगळी रडली. तिचं चुकलं होतं आणि चुकलंही नव्हतं, आता हे कोणाला सांगायचं? तिचा नवरा चांगो, एरवी बायकोची थट्टा केल्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही, त्यानं त्या दिवशी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

सावळीनं पुन्हा जाऊन बाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. एका सुईवर आम्ही तसंही विसंबत नाही, पुन्हा करून बघू, म्हणाल्या. निघायच्या सकाळी चांगो टेकडीकडून आला, पाय दवानं भिजलेले.

"मी हिरव्याला सांगून आलोय गो," तो म्हणाला. "आज तू त्या बाईला आधी सांग."

आणि मंगळीनं सांगितलं. नाय दुखत, बाई, जरा पण नाय दुखत, असं म्हणताना तिच्या डोळ्यांना धार लागली. पुढच्या खेपेला नसा निजल्या. नस पुन्हा जागी होऊ शकते, तेव्हा परत या, असं बाईंनी बजावलं. आठवडे गेले तशी कळ मागे मागे सरत गेली.

माघात मंगळी गेरूनं सारवलेल्या भिंतीपाशी मांडी घालून बसली. पांढरी रेघ हाताखालून आपसूक निघत होती, बायकांची गाणी चालली होती, आणि तिला आपण जागे आहोत की नाही तेच उमजत नव्हतं. चांगो पिठाचं भांडं घेऊन आला तेव्हा तिनं हळूच विचारलं, त्या दिवशी देवाला नेमकं काय सांगितलंस?

चांगोनं भांडं खाली ठेवलं.

"सांगितलं, तिला मीच बोलायला लावतोय. रागवायचं तर माझ्यावर रागव. दुखणं द्यायचं तर माझ्या कंबरेला दे."

मंगळीनं काडी पिठात बुडवली आणि राहिलेली रेघ पुरी केली.