दुपारी हरवणारं नेटवर्क

मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझं दुकान होतं आणि जाड ट्यूबचे टीव्ही होते तोवर ते जोरात चाललं. भिंतीला टांगायचे पातळ टीव्ही आले तसं काम आटत गेलं. ते बिघडले की लोक आख्खा बोर्डच बदलतात. अशात एक दिवस जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एक मॅडम बारीक सोल्डरिंग करून घ्यायला आल्या. माझं काम त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "काका, आमच्याकडे याल का?" वयाने त्या माझ्या मुलीएवढ्या. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागलो.

त्या आणि त्यांचे दोन सहकारी स्वस्तातलं मोबाइल टॉवरचं यंत्र तयार करत होते. मोठ्या टॉवरखाली कपाटाएवढी यंत्रं असतात. इथे तेच काम एक रेडिओ बोर्ड आणि एक छोटा कॉम्प्युटर करायचा, दोन्ही मिळून जेवणाच्या डब्यात मावतील एवढे. कोणत्या लहरी ऐकायच्या, कॉल कसा जोडायचा, हे सगळं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं. मला प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं, पण डबा माझ्या हातचा होता.

चाचणीची सरकारी परवानगी आली तेव्हा पहिला डबा पेठकडच्या डोंगरात एका पाड्यावर बसवला. तिथे कुठल्याच कंपनीचं नेटवर्क नव्हतं. अंगणवाडीच्या पत्र्याखाली डबा, बाहेर खांबावर अँटेना, छपरावर सोलर आणि बाहेरच्या जगाशी जोडायला सॅटेलाइटची थाळी. संध्याकाळी लोकांचे फोन वाजले, एकमेकांना समोर उभं राहूनच सगळ्यांनी हॅलो केलं, आणि आम्ही समाधानाने परतलो.

उन्हं तापायला लागली तशी तक्रार आली. नेटवर्क रोज दुपारी जायचं आणि दिवस कलला की आपोआप यायचं. कॉलेजातल्या स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसत होतं. डबा चालू, बॅटरी भरलेली. मॅडम आणि ते दोघं आठवडाभर प्रोग्रॅम चाळत बसले.

"मी जाऊन बघून येतो," मी म्हणालो.

"काका, बिघाड सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे जाऊन काय बघणार?"

"बघितल्यावर सांगतो."

अंगणवाडीच्या ताई पस्तिशीच्या असतील. बोलणं मोजकं. दुपारी मुलांची हजेरी आणि आहार फोनवर भरायचं त्यांचं काम. नेटवर्क नसलं की मुलांना मदतनीस बाईंवर सोडून त्या उन्हात टेकडी चढायच्या. तिथे पलीकडच्या गावाची थोडी रेंज यायची.

"डबा बसवल्यावर वाटलं, सुटली टेकडी," त्या म्हणाल्या. "पण ज्या टायमाला मला लागतो त्याच टायमाला नाय."

"रोजच जातं?"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर धरलं. ज्या दुपारी टेकडी चढावी लागली त्या तारखेवर फुली. सलग फुल्या होत्या आणि मध्ये तीन तारखा कोऱ्या.

"या तीन दिवशी काय झालं?"

त्यांनी जरा आठवून सांगितलं, "आभाळ होतं. त्या दिवशी दिवसभर लागला."

मी लगेच उठलो आणि पत्र्याखालच्या डब्याला हात लावला. हात ठेववेना. सोलरचा दोष असता तर ढगाळ दिवशी नेटवर्क गेलं असतं. इथे उलटं होतं. गरम झाला की बिघडायचा आणि निवला की सुधारायचा, असे टीव्ही मी आयुष्यभर पाहिले होते. मी ताईंना सांगितलं, "तुमची टेकडी सुटेल. पुन्हा येतो तो दुरुस्त करूनच."

परत आल्यावर मी कॉलेजात तसाच दुसरा बोर्ड चालू करायला लावला आणि दुकानातला हेअर ड्रायर आणला. मॅडमचे सहकारी हसले. मी बोर्डावर एका कोपऱ्यातून गरम हवा सोडत गेलो. बोर्डाच्या लहरींचा ठेका धरणारं घड्याळ म्हणजे एक बारीक क्रिस्टल, त्याच्यावर हवा गेली तशी स्क्रीनवर लहरीची जागा दाखवणारी रेघ सरकायला लागली. थोड्या वेळात टेबलावरच्या फोनमधलं नेटवर्क गेलं. हवा बंद केली, तशी रेघ जागेवर आली.

मॅडमनी रेघ किती सरकली ते वहीत टिपलं. मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. टॉवरची लहर ठरलेल्या जागेवरून जरा जरी सरकली, तरी फोनला टॉवर सापडत नाही, आणि स्वस्तातला क्रिस्टल उन्हाने तेवढा सरकतो.

"मग डबा अंगणवाडीच्या खालच्या बाजूला एखाद्या मातीच्या खोलीत ठेवू," त्या म्हणाल्या. "पण अँटेनापर्यंतची तार लांबली की सिग्नलची ताकद कमी होईल."

"थंड ठेवायचा नाद सोडा," मी म्हणालो. "कायमचा गरम ठेवू. जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या कार्डांवर क्रिस्टलला स्वतःची शेगडी असते. बाहेर काहीही असो, आत उष्णता एकच."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

अंबडच्या भंगारवाल्याकडे दोन तास धूळ खाल्ल्यावर तसं एक कार्ड मिळालं. बोर्डाला बाहेरचं घड्याळ जोडायची सोय होतीच. मी जोडणी केली, मॅडमनी मोजमाप घेतलं. मग तासभर ड्रायर चालवला. रेघ हलली नाही.

भर वैशाखात आम्ही पाड्यावर गेलो. सकाळी घड्याळ बसवलं आणि मुलांबरोबर खिचडी खाल्ली. दुपारी पत्रा तडतडायला लागला तेव्हा ताईंनी फोन उघडला आणि उभ्या उभ्याच हजेरी भरली. मग कुणालातरी फोन लावला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी अंगणवाडीतूनच बोलते. नाय, वर नाय गेले."

फोन ठेवून त्या मॅडमना म्हणाल्या, "पलीकडच्या पाड्यावरची सेविका होती. ती विचारते, आमच्याकडं कधी बसवता?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "दुसरा डबा कधी होईल, काका?"

"पावसाच्या आत," मी सांगितलं, आणि तो पावसाच्या आत झाला. त्या सेविकेच्या पाड्यावर पत्रा नव्हता, कमी तापणारी कौलं होती, तरी मी भंगारातून आणखी एक कार्ड शोधून त्यातही शेगडीवालंच घड्याळ बसवलं.