सातव्या टाकीतले चाळीस मासे

मत्स्य संशोधन केंद्रातल्या बारा टाक्या टाकीमामा सव्वीस वर्षं सांभाळत होते. सकाळी पाण्याचं तापमान घ्यायचं, तळाची घाण नळीनं ओढून काढायची, खाद्य तोलून टाकायचं आणि माशांचं कसं काय चाललंय ते वहीत लिहायचं, एवढं त्यांचं काम. "चौथ्या टाकीत आज सगळे नाराज," अशा नोंदी ते करत. केंद्रातल्या संशोधक डॉक्टरबाई त्या खोडून "भूक कमी" असं लिहीत. मामांच्या मते हा माशांचा अपमान होता.

"सव्वीस वर्षांत मला कधी विचारलंत, आज नाराज का म्हणून?" घरी बायको म्हणायची.

"तू न विचारता सांगतेसच की. ते बिचारे मुके."

त्या वर्षी सातव्या टाकीत नदीतून आणलेले चाळीस आजारी मासे होते. कल्ल्यांवर बुरशी, अंगावर चट्टे. डॉक्टरबाईंनी तयार केलेलं औषधी खाद्य खाऊन तीन महिन्यांत ते ठणठणीत झाले. जरा जास्तच. मामा दिसले रे दिसले, की चाळीसच्या चाळीस वर यायचे आणि आ वासून उभे राहायचे. पाण्यालाच चाळीस भोकं पडल्यासारखी दिसायची. मामांना भरून यायचं. "ओळखतात मला," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

आणि तेच अंगाशी आलं.

तपासणी समिती आली होती. तिनं होकार दिला तर हे खाद्य नदीकाठच्या तलावांत वापरून बघता येणार होतं. नाही तर प्रयोग बंद, आणि डॉक्टरबाईंच्या चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी. मामा मोठ्या ऐटीत पाहुण्यांना सातव्या टाकीपाशी घेऊन गेले. मासे वर आले. आ वासला.

अध्यक्ष दचकले. "अहो, हे तर गुदमरताहेत! श्वासासाठी वर आलेत."

"सर, पाण्यात प्राणवायू भरपूर आहे, हे आकडे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"भरपूर आहे आणि तरी गुदमरताहेत? म्हणजे कल्लेच गेले. हे तर आणखी वाईट!"

डॉक्टरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मामा मध्ये पडले. "साहेब, आजारी नाहीत हो, हावरट आहेत! मला ओळखतात म्हणून आले."

"मासे माणसं ओळखत नसतात," अध्यक्ष म्हणाले. मग मामांकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "हा पिवळाधमक शर्ट रोज घालता?"

"कामाचा आहे."

"काढा."

मामांनी शर्ट काढला. बनियनवर ते टाकीपाशी वाकले, हाका मारल्या, चुचकारलं. एकेक मासा पाठ फिरवून तळाशी गेला. तीन महिन्यांचा घरोबा, आणि तो शर्टाशी! मामांना एकदम फार उघडं उघडं वाटलं.

अध्यक्षांनी कोट काढून तो शर्ट कसाबसा चढवला. पोटावरची दोन बटणं लागेनात. ते टाकीवर वाकले, आणि चाळीस तोंडं त्यांच्यापुढे उघडली.

"अरे वा!" अध्यक्ष लहान मुलासारखे हसले. "माझ्याकडे आले! हे तर छान धडधाकट आहेत. द्या, द्या खाद्य इकडे."

मामांनी दुपारचं तोललेलं खाद्य पुढे केलं. अध्यक्ष चिमूट चिमूट टाकत राहिले. समितीतले बाकीचे घड्याळं बघू लागले, पण अध्यक्ष हलायला तयार नाहीत.

"सर, जेवण थांबलंय," एकजण म्हणाला.

"यांचं होऊ द्या आधी. मामा, आणखी द्या ना."

शेवटची मूठ उरली होती. मामांनी ती पाठीमागे धरली आणि होकाराचा कागद पुढे केला. "साहेब, आधी सही."

"मामा!" डॉक्टरबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

अध्यक्षांनी एकदा माशांकडे पाहिलं, एकदा मामांच्या मुठीकडे. टाकीच्या काठावरच कागद ठेवून त्यांनी सही केली आणि हात पसरला.

डॉक्टरबाईंनी कागद उचलला, दोनदा वाचला, होकारार्थी मान डोलावली. मगच मामांनी मूठ उघडली.